मॉन्स्टर ट्रकचं गिअरकाम: कुठं तुटावं हे आधी ठरवा

मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत लेथवर आहे. दिवसभर हातात शाफ्ट, बुश, गिअर. त्यामुळे भाच्याचा आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारा, मॉन्स्टर ट्रक पहिल्यांदा माझ्या टेबलावर आला तेव्हा वाटलं, खेळण्यातले दाते, त्यात काय एवढं. पुढच्या चार महिन्यांत तोच ट्रक मी चार वेळा मोडला.

झालं असं. भाच्यानं २ सेलच्या जागी ३ सेलची, म्हणजे जास्त व्होल्टची, लिपो बॅटरी लावली आणि प्लास्टिकच्या स्पर गिअरचे, म्हणजे मोटरच्या पिनियनला लागणाऱ्या मोठ्या गिअरचे, दाते साफ झाले. मी म्हटलं, स्टीलचा घालू. घातला. पुढच्या रविवारी मागच्या डिफमधला (डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारी डबी) क्राउन-पिनियन गेला. तोही स्टीलचा मागवला, तीन आठवडे वाट बघून. मग मधला प्लास्टिकचा शाफ्ट चरकातून काढलेल्या उसासारखा पिळवटला. तोही स्टीलचा केला, तर एके दिवशी उडी मारल्यावर गिअरबॉक्सचं कवचच उभं तडकलं. प्रत्येक वेळी तुटलेली वस्तू मजबूत करायची आणि धक्का पुढच्या गरिबाच्या अंगावर ढकलायचा, एवढंच मी करत होतो.

डोकं ताळ्यावर आणलं ते वडिलांच्या एका वाक्यानं. त्यांना आरसी-बिरसी काही कळत नाही. ते म्हणाले, "अरे, ह्याचा शिअर बोल्ट कुठाय?" शेतीवाल्यांना सांगायला नको. ट्रॅक्टरकडून रोटाव्हेटरला फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टला एक कमजोर बोल्ट मुद्दाम ठेवलेला असतो. जमिनीत दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. बोल्ट सारखा तुटतो म्हणून कुणी तिथं हाय टेन्साइलचा, म्हणजे जास्त मजबूत, ठोकला, की पुढचा खर्च गिअरबॉक्सचा. मॉन्स्टर ट्रकचंही तेच. खालच्या सगळ्या पायऱ्या ह्या एका गोष्टीभोवती फिरतात.

१. आधी आपला ट्रक कोणता ते बघा

मोटर, तिच्यावरचा छोटा पिनियन, त्याला लागलेला मोठा स्पर, स्परला जोडलेला स्लिपर क्लच, मधला शाफ्ट, पुढचा-मागचा क्राउन-पिनियन आणि डिफरन्शियल, तिथून चाकाकडे जाणारे शाफ्ट, शेवटी षटकोनी हब आणि चाक. १:१० मापाच्या बहुतेक फोर व्हील ड्राइव्ह ट्रकांची ही साखळी अशीच असते. काही मोठ्या, १:८ मापाच्या ट्रकांत स्लिपरच्या जागी मधोमध तिसरा डिफ असतो.

ट्रक हॉबी ग्रेडचा आहे ना, एवढं नक्की करा. ज्याचा प्रत्येक सुटा भाग नंबरानं विकत मिळतो तो हॉबी ग्रेड. खेळण्यांच्या दुकानातला, ज्याची मोटर आणि गिअर एकाच बंद डबीत असतात, त्याच्यावर पैसे घालू नका. मुलाला खेळू द्या, मोडला की दुसरा आणा.

२. हत्यारं आणि सामान

– १.५, २ आणि २.५ मिमीच्या चांगल्या एलन की, शक्यतो स्क्रू ड्रायव्हरसारखी मूठ असलेल्या. ट्रकसोबत येते ती वाकडी की कामाची नाही.
– ५.५ आणि ७ मिमीचे नट ड्रायव्हर. एम३ आणि एम४ नटांसाठी.
– चाकाच्या नटाचा पाना. १२ मिमी हबचा वेगळा, १७ मिमी हबचा वेगळा.
– डिजिटल व्हर्नियर. आपल्याकडं एमआयडीसीत घरटी एक तरी सापडतो.
– निळं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू आपोआप सुटू नये म्हणून आट्यांना लावायचं द्रव.
– डिफसाठी सिलिकॉन ऑइल, गिअरसाठी ग्रीस, ०.१ आणि ०.२ मिमीच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या.
– इन्फ्रारेड थर्मामीटर. ही चैन नाही, पुढं कळेल.
– अंड्याचा रिकामा ट्रे.

निळ्याऐवजी लाल थ्रेडलॉक आणू नका. लाल पक्कं बसतं आणि खूप तापवल्याशिवाय सुटत नाही. मी एकदा घाईत लाल लावलं. मग पिनियनच्या स्क्रूवर सोल्डरिंग आयर्न धरून अर्धा तास बसलो होतो. निळंसुद्धा फक्त धातूत धातू जातो तिथंच. प्लास्टिकवर सांडलं तर काही जातीची प्लास्टिकं त्यानं तडकतात.

३. उघडणं

बॅटरी काढा. नुसतं स्विच बंद करून भागत नाही, प्लग सोडवा.

प्रत्येक थर काढताना मोबाइलवर फोटो घ्या. अंड्याच्या ट्रेच्या खळग्यांत क्रमानं स्क्रू ठेवा, कारण एकाच झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर आतल्या गिअरला घासतो, आणि मग तुम्ही दोन दिवस "आवाज कुठून येतोय" शोधत बसता.

धातूचे भाग डिझेलमध्ये ब्रशनं धुवा. प्लास्टिक साबणाच्या पाण्यानं, जुन्या टूथब्रशनं. पेट्रोल नको, रबराच्या ओ-रिंग फुगतात.

४. बेअरिंग: सगळ्यात स्वस्त सुधारणा

स्वस्त ट्रकांत बऱ्याच ठिकाणी बॉल बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे किंवा सिंटर्ड ब्राँझचे बुश, म्हणजे गोळ्या नसलेल्या साध्या नळ्या, असतात. ते झिजले की शाफ्ट हलतो, शाफ्ट हलला की दाते तिरके बसतात आणि मग दाते जातात. लोक दात्यांना दोष देतात.

बुशच्या जागी बेअरिंग घाला. आणि ह्यासाठी चीनहून पार्सलची वाट बघायची गरज नाही, ही गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. व्हर्नियरनं आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा आणि बेअरिंगच्या दुकानात ट्रकचं नाव न सांगता नंबर सांगा. ५×११×४ म्हणजे एमआर११५. ६×१२×४ म्हणजे एमआर१२६. ८×१६×५ म्हणजे ६८८. १०×१५×४ म्हणजे ६७००. दुकानदाराकडं नसलं तर तो मागवून देतो. "खेळण्याच्या गाडीचं बेअरिंग आहे का" असं विचारलंत तर तो हसून नाही म्हणेल, मला म्हणाला होता.

चाकाजवळच्या बेअरिंगला दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं, म्हणजे २आरएस घ्या. पत्र्याच्या शील्डचं झेडझेड मोकळं फिरतं, पण नदीकाठची बारीक पोयटा माती त्यातून सहज आत जाते. हरिपूरला संगमाजवळ एक संध्याकाळ पळवला आणि आठवड्यात चारी चाकांची बेअरिंग करकर वाजायला लागली.

५. डिफरन्शियल: इथं घाई करू नका

डिफच्या डबीत छोटे बेव्हल गिअर असतात आणि त्यांच्याभोवती सिलिकॉनचं घट्ट तेल. वळताना आतलं चाक कमी आणि बाहेरचं जास्त फिरावं म्हणून ही योजना. पण तेल पातळ असेल तर एक चाक हवेत गेलं की सगळी ताकद त्याच्याकडंच पळते आणि जमिनीवरचं चाक गप्प बसतं. तेल जितकं घट्ट तितकी दोन्ही चाकं जोडीनं ओढतात.

घट्टपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. १०,००० म्हणजे साधारण थंडीच्या दिवसांतली काकवी. १,००,००० म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीतून उतरायला आलेला पाक. पाच लाखाचं तर बाटली उलटी करून चहा पिऊन यावं.

माझी सुरुवातीची शिफारस: पुढं ३०,०००, मागं १०,०००. मधला डिफ असेल तर तिथं १,००,०००. ट्रक वळताना मागून घसरत गिरकी घेत असेल तर मागचं आणखी पातळ करा. पुढची चाकं हवेत उचलून मधल्या डिफमुळे नुसती भणाणत असतील तर मधलं घट्ट करा. एका वेळी एकच डिफ बदला, नाहीतर कशानं काय झालं ते कधीच कळणार नाही.

इथले सापळे:

शॉकअपचं तेल डिफमध्ये घालू नका. ते काही शे सेंटिस्टोकचं असतं, डिफला पाण्यासारखं.

डबी काठोकाठ भरू नका. तेल तापून फुगतं, मग ओ-रिंगमधून बाहेर येतं. बेव्हल गिअरची आडवी पिन जेमतेम बुडेल इतकं पुरे. घट्ट तेलात हवेचे बुडबुडे अडकतात; भरून, झाकण न लावता, वर कागद ठेवून रात्रभर सोडा. सकाळी पातळी खाली आलेली दिसेल, तेव्हा थोडं घाला.

झाकणाचे स्क्रू तिरक्या क्रमानं कसा, कुकरच्या झाकणाची रिंग बसवताना चारी बाजूंनी दाबतो तसे. जुनं कागदी गॅस्केट फाटलं असेल तर तेच परत वापरण्याची काटकसर करू नका.

आता क्राउन-पिनियन. डिफच्या डबीवरचा मोठा क्राउन आणि त्याला काटकोनात लागणारा पिनियन, ह्यांच्यात किती प्ले, म्हणजे मोकळीक, आहे ते बोटानं बघा. क्राउन पुढं-मागं हलवला आणि स्पष्ट टक-टक आवाज आला तर प्ले जास्त आहे. क्राउनच्या मागं, पिनियनपासून लांबच्या बाजूला ०.१ मिमीची एक शिम घाला म्हणजे क्राउन पिनियनकडं सरकेल. पुन्हा बघा. फिरवताना एखाद्या ठिकाणी अडकल्यासारखं झालं तर शिम जास्त झाली. हे काम माझ्या धंद्यातलंच, तरीही पहिल्यांदा मी शिम उलट्या बाजूला घातली होती. त्यानं दात्यांची फक्त टोकं लागत होती, आणि ती टोकं पहिल्याच उडीत उडाली.

शेवटी क्राउन-पिनियनला थोडं ग्रीस. थापायचं नाही, दात्यांना लावायचं.

६. शाफ्ट

चाकाकडे जाणारे प्लास्टिकचे सरकते शाफ्ट २ सेलवर चालतात. ३ सेल लावणार असाल तर स्टीलचे घ्या. दोन प्रकार मिळतात. डॉगबोनला दोन्ही टोकांना गोळा आणि पिन असते. स्वस्त, पण पुढचं चाक पूर्ण वळलेलं असताना कपातून निसटतो. सीव्हीडीच्या चाकाकडच्या टोकाला युनिव्हर्सल जॉइंट असतो, तो निसटत नाही. पुढं सीव्हीडी, मागं डॉगबोन, हे पैशाच्या हिशेबात बरं पडतं.

सीव्हीडीची आडवी पिन ज्या बारीक, डोकं नसलेल्या ग्रब स्क्रूनं धरलेली असते त्याला निळं थ्रेडलॉक लावा. कारखान्यातून लावलं असेल असं गृहीत धरू नका.

७. पिनियन आणि स्परचं गणित

इथंच बहुतेकांची मोटर जळते.

आधी दाते जुळतात का ते बघा. स्परचा बाहेरचा व्यास व्हर्नियरनं मोजा, दाते मोजा, त्यात २ मिळवा आणि व्यासाला त्यानं भागा. ५४ दात्यांचा स्पर ४४.८ मिमी भरला तर ४४.८ भागिले ५६, म्हणजे ०.८ मॉड्यूल. मॉड्यूल म्हणजे दात्याचं मिमीतलं माप, पिच हे इंचातलं. ४६ दात्यांचा ४८ मिमी भरला तर १ मॉड्यूल. ३२ पिच लिहिलेला गिअर ०.७९४ मॉड्यूलचा येतो, म्हणजे ०.८ च्या इतका जवळ की लोक दोन्ही मिसळून चालवतात. पण ४८ पिच म्हणजे ०.५३, तो ०.८ शी कधीच जुळणार नाही. पिनियनचं भोकही बघून मागवा. लहान मोटरचा शाफ्ट ३.१७ मिमी, मोठीचा ५ मिमी.

आता वेग. उदाहरणादाखल आकडे घेतो. स्पर ५४, पिनियन १३, गिअरबॉक्सचं आतलं प्रमाण २.८५. ५४ भागिले १३, गुणिले २.८५, म्हणजे मोटरचे ११.८४ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. मोटर ३००० केव्हीची. केव्ही म्हणजे इथं किलोव्होल्ट नाही, दर व्होल्टला मिनिटाचे किती फेरे ते. २ सेलच्या ७.४ व्होल्टवर २२,२०० फेरे, चाकाचे १,८७५. टायर १२५ मिमीचा, परिघ ३९ सेंटिमीटर. हिशेब ताशी ४४ किलोमीटरवर येतो. ३ सेलच्या ११.१ व्होल्टवर तोच ६६. हे कागदावरचे, बिनओझ्याचे आकडे. जमिनीवर ह्याहून कमीच मिळतं.

पिनियन १३ चा १५ केला की वेग १५ टक्के वाढतो आणि चाकाकडचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तेवढ्याच हिशेबात घटतो. मोटरला तेच ओझं ओढायला जास्त करंट लागतो, ती जास्त तापते. नवीन माणूस नेमकं उलट समजतो: गिअर उंच केला म्हणजे मोटर निवांत झाली. सायकलवर उंच गिअर टाकून साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून बघा, मग कळेल मोटरला काय वाटतं.

दुसरा छुपा सापळा टायरचा. दिसायला भारी म्हणून १४० मिमीचे टायर लावले की गिअरला हात न लावता गिअरिंग १२ टक्के उंच झालं. वर टायर जड, तो भार वेगळा. मोठे टायर घातले की पिनियन एक-दोन दात्यांनी लहान करा. १३ असेल तर १२, आणि ३ सेल असेल तर ११.

आणि स्पर स्टीलचा की प्लास्टिकचा? माझं उत्तर प्लास्टिक. हाच आपला शिअर बोल्ट. झाकण काढून दहा मिनिटांत बदलता येतो, खिशाला परवडतो, आणि तो गेला म्हणजे डिफ वाचला. पिनियन मात्र स्टीलचाच घ्या.

८. मेश, म्हणजे दात्यांची गुंफण, लावणं

पिनियन आतून तेलकट येतो. तो आणि मोटरचा शाफ्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, तेलावर थ्रेडलॉक धरत नाही. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर बसला पाहिजे. गोल बाजूवर कसलात तर दोन दिवसांत सुटतो आणि निघताना शाफ्टवर ओरखडा सोडून जातो.

मोटरचे स्क्रू सैल ठेवा. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी पिनियन आणि स्परच्या मध्ये घाला, मोटर स्परकडं दाबा, स्क्रू कसा. मग स्पर फिरवून पट्टी काढा. पट्टीवर नागमोडी घड्या दिसल्या आणि ती फाटली नाही, तर मेश बरोबर. भोकं पडली असतील तर फार घट्ट.

आता स्पर हातानं पूर्ण एक फेरा फिरवत, थांबत-थांबत प्ले तपासा. प्लास्टिकचा स्पर अगदी गोल कधीच नसतो. एका जागी सैल लागेल, दुसऱ्या जागी घट्ट. मेश लावायचा तो सगळ्यात घट्ट जागेवर. नाहीतर प्रत्येक फेऱ्याला तिथं दाते दाबले जातात. मग मोटर हळू चालवून आवाज ऐका. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कान लावून बसतात, तेवढं नको, पण चांगला मेश एकसारखा सूं करतो. सैल असेल तर खडखडतो, घट्ट असेल तर किंचाळतो.

ह्या वेळी चाकं जमिनीपासून उचललेली हवीत आणि थ्रॉटल, म्हणजे रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर, अगदी थोडा. पूर्ण थ्रॉटल दिला तर टायर फुग्यासारखे फुगतात आणि रिमपासून सुटतात. चेहरा जवळ आणू नका.

९. स्लिपर

स्लिपर म्हणजे स्परला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे पॅड आणि एक स्प्रिंग. धक्का बसला की स्पर क्षणभर घसरतो. नट पूर्ण कसून मग अर्धा ते एक फेरा सैल करा, आणि पुढचं डोळ्यानं-कानानं. खडबडीत डांबरी रस्त्यावर उभ्या ट्रकला एकदम थ्रॉटल द्या. पहिल्या फूट-दोन फुटांत "चिंऽऽ" असा आवाज येऊन मग ट्रक सुटला, तर जमलं. काहीच आवाज नाही आणि पुढची चाकं उचलली, तर फार घट्ट. पाच-सहा फूट चिंचिं करत राहिला तर फार सैल; पॅड तापून स्पर वितळतो. वाळूत किंवा गवतावर हे तपासू नका, तिथं चाकंच घसरतात.

वारंवार काढून नायलॉन नट ढिला पडला की बदला. माझा एकदा वाटेत सुटला. अर्धा तास माळावर नट शोधला, सापडला नाही, भाचा मात्र भडंगाचा पुडा संपवून बसला होता.

१०. पहिली धाव

पहिल्या बॅटरीत निम्म्याच थ्रॉटलवर चालवा. तीन मिनिटांनी थांबवा आणि थर्मामीटर मोटरच्या मधोमध रोखा. ७० अंशांपर्यंत ठीक, ८० च्या वर जाऊ देऊ नका. मोटरमधले चुंबक कायमचे कमजोर होतात. थर्मामीटर नसेल तर बोट ठेवा, पाच सेकंद ठेवता आलं नाही तर बस करा. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत हवाच ४० अंशांची असते. थंडीत चाललेलं गिअरिंग उन्हाळ्यात चालेलच असं नाही. मी उन्हाळ्यात पिनियन एक दात्यानं उतरवतो.

जागा निवडताना काळी माती टाळा, निदान ओली असताना. ती टायरच्या नक्षीत आणि रिमच्या आत गच्च बसते, चाकाचं वजन वाढतं आणि सगळी साखळी तापते. वाळल्यावर ती खरवडायला खुरपं लागेल. मिरजेच्या पूर्वेला मुरमाड माळ आहेत, तिथं ट्रक आणि माणूस दोघंही सुखी. फक्त मुरमाचा खडा स्परपर्यंत जातो, म्हणून गिअरचं झाकण लावल्याशिवाय पळवू नका.

आणि उडी. हवेत असताना थ्रॉटल सोडा. पूर्ण वेगानं फिरणारी चाकं जमिनीला टेकली की ती एका क्षणात अडतात आणि तो सगळा झटका उलटा दात्यांवर येतो. माझं गिअरबॉक्सचं कवच असंच गेलं. नाक खाली गेलं तर थोडा थ्रॉटल, वर गेलं तर थोडा ब्रेक, एवढाच हवेतला अधिकार. टेकायच्या आधी बोट मोकळं.

घरी आल्यावर ग्रब स्क्रू, मोटरचे स्क्रू आणि चाकांचे नट पुन्हा एकदा तपासा. नवीन काम पहिल्याच धावेत सैल होतं.

आमच्या ट्रकचं आता वर्ष होत आलं. डिफ तेच आहेत, शाफ्ट तेच. अंड्याच्या ट्रेमध्ये तीन प्लास्टिकचे स्पर ठेवलेत. मागच्या रविवारी एक गेला. भाच्यानं माळावर बसूनच बदलला, मला हाक न मारता.